किलोचं वजन उकळलं, लिटरभर पाण्यात टाकलं : पाणी किती तापेल?

गोदाकाठ (धागा सुरू करणारा)

मंडळी, विषय शाळेतला आहे, पण आमच्या घरात दोन दिवस त्यावरून भांडण पेटलंय. लेक यंदा दहावीला. सुट्ट्या आहेत, संभाजीनगरात ऊन मी म्हणतंय, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. परवा मोबाईल बघून म्हणाली, "पप्पा, आज उष्णता ४२ आहे." मी म्हणालो, तापमान ४२ आहे. "तेच ना." तेच नाही! मग फरक काय ते सांगा, म्हणाली. आणि इथं माझी गाडी फसली. "उष्णता ही ऊर्जा, तापमान म्हणजे तिचं माप" असं काहीतरी बोललो. "मग किलोमीटर आणि अंतर यातही भांडण आहे का?" असा उलटा वार झाला.

शेवटी ठरवलं, करूनच बघू. आमचं पूर्वी किराणा दुकान होतं. त्यातलं १ किलोचं लोखंडी माप आता दाराला अटकण म्हणून पडलेलं असतं. ते सुतळीला बांधून पातेल्यात उकळत ठेवायचं, वीस मिनिटं, म्हणजे आतपर्यंत तापेल. मग उचलून थर्माकोलच्या डब्यातल्या १ लिटर पाण्यात सोडायचं. डब्यातलं पाणी माठाबाहेरचं, ३० अंश. शेजारच्या सरांकडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणलाय. उकळत्या पाण्यात तो ९८ दाखवतो, म्हणजे लोखंडही ९८.

घरचे अंदाज असे. लेक : ६४ (९८ अधिक ३०, भागिले दोन). बायको : ५०. माझी आई : "कोमट व्हईल, अजून काय." तुमचं काय म्हणणं? आधी अंदाज द्या, गूगल नंतर. आकडा उद्या टाकतो.

ज्वारीची_भाकरी

६४. किलोला किलो आहे, मध्येच यायला पाहिजे. तुमची लेक हुशार आहे.

कामून_बे

७० च्या वर. लोखंडाचा चटका पाण्यापेक्षा कितीतरी जोराचा बसतो राव. उन्हातल्या गाडीच्या टाकीला हात लावून बघा, मग अंदाज द्या.

बाभळबन

आधी थर्मामीटर बदला. पाणी १०० ला उकळतं हे चौथीतलं पोरगं सांगेल. २ अंश खाल्ले त्यानं.

निवृत्त_फिजिक्स

बाभळबन, थर्मामीटर इमानदार आहे. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रकाठी. संभाजीनगर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंचीवर. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू ढोबळमानानं १ अंशानं उतरतो, कारण हवेचा दाब कमी. म्हणजे ९८ च यायला हवं. १०० दाखवलं असतं तर मी थर्मामीटरवर संशय घेतला असता.

उत्तर मला माहीत आहे म्हणून अंदाज देत नाही. आजीबाईंना माझा नमस्कार सांगा.

रोलिंगमिलवाला

जालन्याहून. माझा अंदाज ३७. लोखंडासोबत वीस वर्षं काढली, त्याची लायकी माहीत आहे. दिसायला आडदांड, पण उष्णता धरायच्या बाबतीत पाण्यापुढं एकदम फुसकं.

तुमच्या भांडणावरून आठवलं. आमच्या धंद्यात 'हीट' म्हणजे भट्टीचा एक घाणा. भज्यांचा घाणा निघतो तसा लोखंडाचा. "आज किती हीट पडल्या?" असं विचारतात. प्रत्येक घाण्याला हीट नंबर असतो. नवीन आलेल्या डिप्लोमाच्या पोराला मी पहिल्या दिवशी विचारतो, हीट म्हणजे काय रे? तो १६०० डिग्री म्हणतो. मग त्याला ग्राइंडरपाशी नेतो. ठिणग्या हातावर उडतात, हजाराच्या आसपास किंवा वरच असतील, पण फोडसुद्धा येत नाही. आणि भाकरीच्या तव्याला बोट लागलं की आठवडाभर बोंबलत बसतो, तो तर दोन-अडीचशेचाच असतो. ठिणगी लई गरम, पण तिच्यात द्यायला आहे किती? मोहरीच्या दाण्याहून कमी माल.

कामून_बे

ते ठीक आहे भाऊ, पण ३७? किलोभर लोखंड, ९८ डिग्री, आणि पाणी फक्त ७ नं तापणार? मनाला पटंना.

गोदाकाठ

झालं एकदाचं. पाणी ३० वरून चढत गेलं आणि ३६ वर थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा ३६, जरा वर. आई कोपऱ्यातून म्हणाली, "मी काय म्हणलं होतं?"

पण आता लेक जास्तच चिडलीय. तिचा प्रश्न जसाच्या तसा देतो : "लोखंड ९८ वरून ३६ वर आलं, म्हणजे ६२ अंश गेले. पाण्याला मिळाले फक्त ६. बाकीचे ५६ गेले कुठं? डबा तर थर्माकोलचा होता."

निवृत्त_फिजिक्स

या प्रश्नासाठी तिला पैकीच्या पैकी. इथंच सगळी मेख आहे.

अंश कुठं जात नाहीत आणि कुठून येतही नाहीत. देवाणघेवाण अंशांची होतच नाही, ऊर्जेची होते. १ किलो लोखंड १ अंशानं निववलं तर साधारण ०.४५ किलोज्यूल मिळतात. १ किलो पाणी १ अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. बोर्डाच्या पुस्तकात याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. आता हिशेब लावा. उत्तर ३६.६ धरू. लोखंड ६१.४ अंशांनी निवलं : ०.४५ गुणिले ६१.४, म्हणजे २७.६ किलोज्यूल दिले. पाणी ६.६ अंशांनी तापलं : ४.१८ गुणिले ६.६, म्हणजे २७.६ घेतले. पै न पै जुळली. प्रत्यक्षात अर्धा अंश कमी आला तो वजन उचलून डब्यात नेताना हवेला गेला, थोडा डब्याला.

हा घोळ फक्त तुमच्या लेकीचा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले भले भले असंच धरून चालत, की जड पदार्थाला जास्त उष्णता लागणार. पण पारा पाण्याहून कितीतरी जड असून लवकर तापायचा, त्याचे प्रयोग काही जुळेनात. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जोसेफ ब्लॅक शिकवत होता. १७६० च्या सुमारास त्यानं स्पष्ट केलं की उष्णता किती आणि उष्णता किती तीव्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मामीटर फक्त दुसरी दाखवतो.

ज्वारीची_भाकरी

सर, पण का? पाण्याला एवढी भूक कशापायी?

निवृत्त_फिजिक्स

शिरगणतीमुळं. तापमान हे दरडोई उत्पन्नासारखं आहे, प्रत्येक कणाच्या वाट्याला सरासरी किती हालचाल आली ते. किलो मात्र वजन मोजतो, डोकी मोजत नाही. लोखंडाचा अणू पाण्याच्या रेणूच्या तिप्पट जड. म्हणून किलोभर पाण्यात किलोभर लोखंडाच्या तिप्पट डोकी. शिवाय पाण्याच्या एकेका रेणूला अंशभर तापायला लोखंडाच्या एका अणूच्या तिप्पट ऊर्जा लागते, कारण रेणूत तीन अणू आहेत आणि शेजारच्या रेणूंशी धरलेले हात सैल करण्यातही ऊर्जा जाते. तीन त्रिक नऊ. लोखंड ६१ उतरलं तेव्हा पाणी त्याच्या नवव्या हिश्श्याइतकंच चढलं, पाहा.

१८१९ मध्ये ड्यूलाँ आणि पेती या दोन फ्रेंच माणसांना असंच दिसलं होतं. धातू कोणताही घ्या, अणूंची संख्या सारखी ठेवली तर तापवायला लागणारी उष्णता जवळजवळ सारखीच. तांबं, शिसं, लोखंड, चांदी, सगळ्यांची एका अणूमागची भूक एकच.

सौताड्याचा_पाऊस

उशिरा आलो. माझी एक तक्रार आहे. सगळे "लोखंडात उष्णता होती" असं लिहिताहेत. सरांनी लिहिलं नाही, पण इतरांनी लिहिलं. वस्तूत उष्णता नसते.

मनीऑर्डर आठवते का? पुण्याहून चुलता दर महिन्याला पाठवायचा. घरात पैसे किती आहेत असं विचारता येतं. घरात मनीऑर्डर किती आहे असं विचारता येत नाही. पोस्टमननं नोटा मोजून आजीच्या हातावर ठेवल्या की मनीऑर्डर संपली, पुढं ते नुसते पैसे. चुलता दिवाळीला स्वतः येऊन हातात द्यायचा, तेही त्याच ट्रंकेत जायचे. ट्रंक उघडून कोणती नोट पोस्टानं आली आणि कोणती हातानं, सांगा बरं! उष्णता म्हणजे मनीऑर्डर. तापमानातल्या फरकामुळं एकीकडून दुसरीकडं जाणारी ऊर्जा, ती वाटेत असेपर्यंतच उष्णता. हातानं दिलेले पैसे म्हणजे कार्य : घासणं, दाबणं, ढवळणं. ट्रंकेतली रक्कम म्हणजे आंतरिक ऊर्जा.

रोलिंगमिलवाला

हे झकास. आमच्या सळईचंच बघा ना. लाल सळई मिलमधून बाहेर पडली की पाण्याच्या फवाऱ्यातून जाते. वरची साल क्षणात निवते, कडक होते. गाभा अजून लालच असतो. मग आतून बाहेर मनीऑर्डर सुरू. साल परत सहाशेच्या घरात तापते आणि त्यानं तिचा ठिसूळपणा जातो. टीएमटी म्हणतात ते हेच. सळई तीच, दुसरं कोणी तापवायला नाही, आतला गाभाच सालीला देतो.

बाभळबन

मनीऑर्डर श्रीमंताकडून गरिबाकडं जाते. मग नाथसागरातल्या, म्हणजे जायकवाडी धरणातल्या पाण्याकडं माझ्या कपभर चहापेक्षा अब्जावधी पट जास्त ऊर्जा आहे. तरी धरणात चहा ओतला तर उष्णता चहाकडून धरणाकडं जाते. गरीब श्रीमंताला पाठवतोय? तुमची उपमा गळकी आहे.

सौताड्याचा_पाऊस

गळकी आहे, मान्य. कोण कोणाला पाठवणार हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी गच्चीवरची ५०० लिटरची टाकी घ्या. नाथसागरापुढं ती कोण? पण तिचा नळ सोडला तर पाणी वरून खालीच येणार, कारण प्रश्न साठ्याचा नाही, पातळीचा आहे. तापमान म्हणजे पातळी. बाकी टाकीची उपमा फार ताणू नका, नाहीतर उष्णता हा एक द्रवच आहे असं वाटायला लागतं.

निवृत्त_फिजिक्स

आणि तसं वाटतही होतं! 'कॅलॉरिक' नावाचा अदृश्य, वजन नसलेला द्रव वस्तूंतून वाहतो, असा सिद्धांत होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७८९ च्या आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत ऑक्सिजनसोबत कॅलॉरिकलाही बसवलं होतं.

तो द्रव बुडवला तोफांनी. काउंट रम्फर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरून घेत होता. बोथट पात्यानं कोरताना नळी एवढी तापायची की त्यानं ती पाण्याच्या पेटीत ठेवून बघितलं. घोडे गोल फिरत होते, विस्तव कुठंच नाही, आणि अडीच तासांत पाणी उकळलं. त्याचा निबंध १७९८ चा. घासत राहा, उष्णता निघतच राहते, संपत नाही. द्रव असता तर कधीतरी संपला असता.

ज्वारीची_भाकरी

सर, यासाठी म्युनिकला कशाला जायचं? गिरणीतून दळण आणा. डब्याला हात लावला की गरम. आमची आजी गिरणीचं पीठ ताटात पसरून निवू द्यायची, मगच झाकण लावायची. आत विस्तव नाही, नुसतं घासणं. जात्यावरचं पीठ इतकं तापत नव्हतं म्हणे, कारण हात सावकाश फिरतो.

निवृत्त_फिजिक्स

वा. चाळीस वर्षं शिकवलं, पण पीठ सुचलं नाही.

या घासण्याचा भाव ठरवला जेम्स ज्यूलनं, १८४० च्या दशकात. वजन खाली उतरतंय, त्याच्या दोरीनं पाण्यातली वल्ही फिरताहेत, पाणी किंचित तापतंय. आपल्या भाषेत भाव असा : पाणी १ अंशानं तापवायचं तर ते ४२७ मीटर उंचीवरून पडायला हवं. जायकवाडीचं धरण चाळीसेक मीटर उंच. दरवाजे उघडल्यावर एवढं धडधडत पाणी पडतं, आणि तापतं एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. पाण्याच्या भुकेची आता कल्पना आली असेल.

कामून_बे

सगळं मान्य, आता कामाचं बोला. पत्र्याच्या खोलीत राहतो. दुपारी भट्टी असते. गावाकडं आमचं जुनं माळवद, म्हणजे मातीच्या छताचं घर आहे, तिथं दुपारी गारवा, पण रात्री आत झोपवत नाही, बाज अंगणात काढावी लागते. ऊन दोन्हीकडं सारखंच ना?

माळवद

आयडीच हा आहे, त्यामुळं मी उत्तर देतो. एक चौरस मीटर छत घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भरतो ४ किलो, त्याला १ अंश तापायला २ किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत. फूटभर मातीचं माळवद तेवढ्याच जागेत पावणेपाचशे किलोच्या आसपास, त्याला ४०० किलोज्यूल. दोनशे पट. पत्रा सकाळी नऊलाच तापून खाली धग फेकायला लागतो. माळवद दिवसभर पितंच बसतं. उष्णतेला मातीतून आढ्यापर्यंत यायला संध्याकाळ होते, मग रात्रभर ते तुम्हाला सव्याज परत करतं. पत्रा मात्र दिवस मावळला की तासाभरात मोकळा. दोन्ही आपापल्या वेळी छळतात. ज्यांनी पांढऱ्या मातीच्या भिंती आणि अंगण दोन्ही ठेवलं त्यांना हे माहीत होतं : दुपार आत, रात्र बाहेर.

आमच्या लातूर-धाराशिवकडं मात्र हे गणित नुसतं उन्हाचं राहिलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंती आणि वरची माती अंगावर आली. त्यानंतर डोक्यावर माती नकोच म्हणणारी कितीतरी माणसं मी पाहिली. पत्र्याखाली तापू, पण झोपू तरी. त्यांना विशिष्ट उष्माधारकता शिकवायला मी जात नाही.

रोलिंगमिलवाला

🙏

सौताड्याचा_पाऊस

पत्र्यावर चुना मारा, कामून_बे. ऊन परत फेकलं की तेवढं कमी आत येतं. आणि कूलर.

कामून_बे

कूलर आहे. मे महिन्यात फर्स्टक्लास. जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. हे पण गणितात बसतं का?

निवृत्त_फिजिक्स

बसतं. कूलरचं गवत ओलं, त्यावरून कोरडी हवा जाते, पाणी उडून जातं. किलोभर पाण्याची वाफ व्हायला आपल्या तापमानाला २४०० किलोज्यूल लागतात, ते हवेतून घेतले जातात. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. अप्रकट, कारण एवढी देवाणघेवाण होऊनही वाफेचं तापमान वाढत नाही. हाही ब्लॅकचाच शोध. जुलैत हवेत आधीच बाष्प भरलेलं, पाणी उडणार कुठं? माठाचंही तेच. १० लिटरच्या माठातून पावशेरही नाही, नुसतं १०० ग्रॅम पाणी पाझरून उडालं तर उरलेलं ५-६ अंशांनी गार होऊ शकतं. म्हणून नव्या माठाला बाहेरून रंग देऊ नका.

माळवद

यातलं एक जरा गांभीर्यानं घ्या. नुसता बसलेला माणूससुद्धा १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सारखी बाहेर टाकत असतो. हवा ३० ची असेल तर आपोआप जाते, कारण कातडी तिच्याहून वरच्या पातळीवर. हवा ४३ ची झाली की पातळी उलटते, बाहेरून आत यायला लागते. मग एकच वाट उरते, घाम उडून जाणं. घाम नुसता टपकला तर काही उपयोग नाही, उडाला पाहिजे. अंगात पाणी नसेल तर तीही वाट बंद. उष्माघात होतो तो असा. अशा हवेत पंख्याचा वारा कोरड्या अंगावर घेण्यापेक्षा दस्ती ओली करून मानेवर ठेवा आणि मग पंखा लावा. कोणी बरळायला लागलं, बेशुद्ध पडलं तर थांबू नका. अंगावर पाणी मारत दवाखाना गाठा.

ज्वारीची_भाकरी

आणि आंबा उष्ण, पपई उष्ण, त्याचं काय? 😄

बाभळबन

त्यावर वेगळा धागा काढा. हा मोठ्या मुश्किलीनं रुळावर आहे. फ्रिजमधला आंबा ५ अंशांचा असतो एवढंच इथं सांगतो.

आणि हो, ९८ बद्दल माझे शब्द मागे. इथं घरी पाणी उकळून पाहिलं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. लेकीनं धागा पूर्ण वाचला. मनीऑर्डर म्हणजे काय ते आधी विचारलं, मग यूपीआय म्हणून पुढं गेली. "उष्णता ४२" म्हणायचं तिनं बंद केलंय, आता आजीला दुरुस्त करत फिरते.

पुढची पैज लागलीय. पाण्याऐवजी १ किलो करडईचं तेल. तेलाची भूक पाण्याच्या निम्म्याहून कमी, २ च्या आसपास. तिनं कागदावर ४२.५ काढलंय. मी तयार होतो, वजन उकळायलाही ठेवलं होतं. पण आई आडवी आली. किलोभर तेलात दाराची अटकण बुडवू देणार नाही म्हणते, तेलाचा भाव बघा म्हणते. २०० ग्रॅमच्या मापावर तडजोड झालीय. ते माप माळ्यावर कुठल्या डब्यात आहे, कोण जाणे. सापडलं की आकडा टाकतो.

रोलिंगमिलवाला

२०० ग्रॅमचं माप असेल तर तेलही २०० च घ्या. आणि माप कोरडं पुसून टाका, नाहीतर पाणी चिकटून जाईल आणि आकडा बिघडेल.